आपलं एक नातं कमी झालं आहे

४ मार्च

ती. मावशीस,

नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण खुर्चीत बसून बसून पाठ धरली आहे, तेव्हा उभ्यानेच.

फोन केला असता तर तू नेहमीसारखं "पत्र लिही" म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून थेट कागदच घेतला. ऑफिसातले लोक येता-जाता माझ्याकडे बघतायत. कॉम्प्युटरच्या कंपनीत पेन घेऊन बसलेली बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. अख्ख्या मजल्यावर पाकीट मिळालं नाही. कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं करून चिकटवलंय, तेव्हा वरच्या फुलांवर जाऊ नकोस.

काम सांगते. गेली दोन वर्षं मी इंटरनेटवर एक 'नातेजाल' बांधतेय. तिथे जाऊन माणसाने फक्त दोन गोष्टी सांगायच्या: माझी आई कोण आणि माझा जोडीदार कोण. बस. बाकीची नाती यंत्र स्वतः काढतं. आईचा जोडीदार ते वडील. दोघांची आई एक म्हणजे ती भावंडं. आईचा भाऊ म्हणजे मामा. मामाची बायको ती मामी. असे नियम आम्ही त्याला एकदाच सांगून ठेवलेत. उद्या बसमध्ये माझ्या पायावर पाय देणारी बाई माझ्या आत्याच्या जावेची नणंद आहे हे त्याला माझ्याआधी कळेल.

यंत्र हुशार आहे, पण तिथे माणसंच नाहीत. आजमितीला तेवीस. त्यातले चौदा ऑफिसातले, आणि एक साहेबांचा कुत्रा, जो साहेबांनी स्वतः घातलाय. लोक विचारतात, "तिथे कोण आहे?" मी म्हणते, "अजून कोणी नाही." मग ते म्हणतात, "मग आम्ही कशाला येऊ?" आणि ते येत नाहीत म्हणून तिथे कोणी नाही. साहेबांनी सांगून टाकलंय, मे अखेर हजार माणसं, नाहीतर दुकान बंद. मग माझी बदली अशा खात्यात, जिथे लोक दिवसभर बटणांचे रंग ठरवत बसतात.

आई आली आहे. आजीचं नाव तिनेच घातलं. मामा तर उड्या मारत आला. त्याने मामीला घातलं, मामीच्या आईवडिलांना घातलं, वडिलांच्या कैलासवासी आईलाही घातलं. (मामाचं नाव काढलं म्हणून पत्र फाडू नकोस, पुढे थोडंच उरलंय.) आता तूही ये ना गं. तू आलीस की चोवीस होतील.

तुझी,
ठकू

११ मार्च

ठकूस आशीर्वाद.

पाठीला शेक दे आणि खुर्ची बदल. पाकीट बघून शेजारीण विचारायला आली, मुलगा काय करतो.

मी फोनवर का बोलत नाही हे तुला शंभरदा सांगितलंय. चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजच्या बोर्डावर बसले. तारेवरून जे जातं ते तिसरं माणूस ऐकू शकतं, आणि ते तिसरं माणूस मीच होते. तुझं जाळं म्हणजे त्याच तारा, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच.

पण तुझ्या दोन वर्षांच्या विचारात एक चूक आहे, ती सांगते. आमच्या इथे पहिला फोन डॉक्टरांनी घेतला. सहा महिने टेबलावर कापड टाकून ठेवला होता. करणार कोणाला? मग औषधवाल्याने घेतला. आता ते दोघं एकमेकांना करायला लागले, रोज, काही काम नसताना. मग वकिलांनी घेतला, कारण हे दोघं आपल्याबद्दल काय बोलत असतील या विचाराने त्यांची झोप उडाली. त्यानंतर जी रांग लागली ती मी निवृत्त होईपर्यंत संपली नाही. लोक बोलायला फोन घेत नाहीत, ठकू. आपल्यामागे आपल्याबद्दल बोललं जाईल या धास्तीने घेतात.

आणि तू डोकी मोजतेस. डोकी नाही, जोड्या मोजायच्या. बोर्डावर दहा फोन असले की पंचेचाळीस जोड्या होतात. अकरावा आला की पंचावन्न. डोकं एक वाढलं, जोड्या दहा वाढल्या. हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही, खांदा दुखायचा त्यावरून कळलं.

बटणं रंगवायची पाळी तुझ्यावर येऊ नये म्हणून नाव घालते. इथल्या वाचनालयात कॉम्प्युटर आहे आणि त्याच्याशेजारी कार्डवाले असतात. कार्डवाले म्हणजे तिथले जुने ग्रंथपाल. चाळीस हजार पुस्तकांची कार्डं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली. मग कॉम्प्युटर आला आणि कार्डांचे खण भंगारात गेले. तेव्हापासून कोणी काही विचारेल या आशेवर बसून असतात. मी विचारलं की त्यांचा दिवस चांगला जाईल.

तीन मिनिटं झाली. बोर्डावर एका कॉलला तेवढीच मिळायची. ठेवते.

मावशी

१९ मार्च

ठकू,

हे काय आहे?

काल गेले. आईचं नाव घातलं. जोडीदाराच्या रकान्यात "नाही" लिहिलं, तर यंत्र विचारतं "नक्की?" एकाहत्तराव्या वर्षी मला विचारतं नक्की का! बरं, तेही गिळलं. मग तुझ्या यंत्राने माझ्या नावाखाली छापलं: बहीण, एक. बरोबर. भाऊ, एक. आणि पुढे त्याचा फोटो, दात काढून हसतानाचा.

मी कार्डवाल्यांना सांगितलं, काढा. त्यांनी काढला. आज सकाळी बघते तर परत हजर. पुन्हा काढला. दुपारी पुन्हा. असा चार वेळा काढला आणि पाचव्यांदा तो माझ्याकडे बघून हसतोय.

मी एकतीस वर्षं त्या माणसाशी बोललेले नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या यंत्राला कळव.

मावशी

२४ मार्च

ती. मावशीस,

कळवून उपयोग नाही गं. भाऊ तुझ्या पानावर कोणी लिहिलेलाच नाही, तर तू पुसणार काय? यंत्र दर काही तासांनी नव्याने हिशेब करतं: हिची आई ती, त्याचीही आई तीच, म्हणजे भाऊ. तू पुसलंस की ते आपलं पुन्हा काढतं. त्याला राग, रुसवा, अबोला यातलं काही शिकवलेलं नाही. आम्ही एकदा प्रयत्न केला होता, पण अबोल्याची व्याख्या करायला बसलो आणि ऑफिसातल्या दोघांचा अबोला झाला.

खरं सांगू? मला ते वाचून बरं वाटलं. माझ्या जन्माच्या आधीपासून तुमचं हे चाललंय. घरातल्या प्रत्येक फोटोत तू एका टोकाला आणि मामा दुसऱ्या टोकाला. लहानपणी मला वाटायचं की फोटो पडू नये म्हणून दोन्हीकडून धरायला तुम्हाला उभं करतात. आईला विचारलं की ती म्हणते, "मला मध्ये घालू नका." मामाला विचारलं की म्हणतो, "मला माहीत असतं तर मी तिच्या दारात जाऊन नाक घासलं असतं." आणि तुला विचारलं की तुझी तीन मिनिटं संपतात.

मग काय झालं होतं? एवढं तरी सांग.

तुझी,
ठकू

२ एप्रिल

ठकूस आशीर्वाद.

फोटोचं काम मिटलं. तू काळजी करू नकोस. कार्डवाल्यांना तुझ्या यंत्राची पद्धत फार आवडली, म्हणाले यात माझ्या कार्डांसारखीच शिस्त आहे, फक्त धूळ नाही. त्यांनीच वाट काढली. अगदी नियमाला धरून केलंय.

इकडे ऊन वाढलंय. शेक देतेस ना?

तीन मिनिटं झाली.

मावशी

९ एप्रिल

मावशी! अगं काय केलंस हे?

नमस्कार वगैरे राहू दे. चार दिवस मी घरी नीट जेवलेली नाही.

म्हाताऱ्या माणसांना स्वतःची माहिती भरता येत नाही म्हणून आम्ही नियम ठेवला होता: कोणाचीही चूक दोन साक्षीदार मिळून दुरुस्त करू शकतात. साक्षीदार एक तू आणि साक्षीदार दोन तुझे कार्डवाले! मामाच्या आईच्या रकान्यात तुम्ही आजीचं नाव काढून मामीच्या आजीचं घातलंत. मामीच्या वडिलांच्या आईचं! तुला काय वाटलं, यंत्र गप्प बसेल?

यंत्राने रात्रीत हिशेब केला आणि सकाळी सगळ्यांना निरोप पाठवले. मामीच्या वडिलांना: "अभिनंदन! आपले जावई हे आपले सख्खे भाऊ आहेत." मामीला: "अभिनंदन! आपले पती हे आपले काका आहेत." त्या हिशेबाने मामी स्वतःचीच काकू झाली. मामाची मुलं त्यांच्या आईची चुलत भावंडं झाली. आणि मामा स्वतःचाच चुलत सासरा झाला, हे यंत्राने त्याला वेगळं कळवलं, शेवटी फुलांचं चित्र काढून.

मामीने पहिला फोन तिच्या बहिणीला केला. बहिणीने तिच्या नणंदेला. नणंद म्हणाली, मला बघायचंय. बघायचं तर आत यावं लागतं आणि आत यायचं तर आईचं नाव घालावं लागतं. ती आली. मग तिच्या सासरचे, हिच्याबद्दल तिथे काय लिहिलंय बघू म्हणून आले. मग कोणीतरी उठवलं की आत न गेलेल्यांची नाती यंत्र मनाला येईल तशी लावतं. झालं! परवा एका दिवसात दोनशे बारा माणसं. आज सकाळी एक हजार एकशे सहा. तुझ्या वकिलाची गोष्ट मला आता कळली.

साहेब नाचतायत. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "हे कसं केलंत? पुढच्या महिन्यात पुन्हा करता येईल का?"

पण मावशी, एक निरोप असा आहे ज्यावर कोणी हसलं नाही. नातं जोडलं गेलं की यंत्र अभिनंदन म्हणतं. तुटलं की एकच ओळ येते: "आपलं एक नातं कमी झालं आहे. क्षमस्व." ती आईला आली. तू तुझा भाऊ काढलास, पण तो तिचाही भाऊ होता. आई आधी हसली, मग स्वयंपाकघरात गेली, आणि बराच वेळ नळ चालू होता. तीच ओळ मलाही आली. माझ्या पानावर आता मामा नाही.

ठकू

१५ एप्रिल

ठकूस,

चुकलं.

हा शब्द मी आयुष्यात फार वेळा लिहिलेला नाही, तेव्हा जपून ठेव.

मला फक्त माझी एक तार काढायची होती. तिथे रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, कोणाची तरी आई द्यावीच लागत होती. यादीत म्हाताऱ्या बायका तीनच: आपली आई, त्याची सासू आणि सासूची सासू. सासूला त्याची आई केलं तर तो बायकोचाच भाऊ झाला असता, म्हणून ती तिसरी. मी म्हटलं, नाहीतरी लग्न झाल्यापासून हा सासरचाच झालाय, तर नीट तिकडेच नोंद होऊ दे. कार्डवाले म्हणाले, "विचार करा, एक कार्ड हललं की मागचा खण हलतो." मी म्हटलं हलू दे. आता ते चार दिवस माझ्याशी बोलताना चष्मा पुसत बसतात.

तुझ्या आईला सांग, तिची तार तोडायचा माझा विचार नव्हता. तिला नळ सोडायची सवय लहानपणापासून आहे. रडताना आवाज जाऊ नये म्हणून. मी बाहेर उभी राहून ऐकायचे.

आता तू आत हात घालून सगळं पहिल्यासारखं कर. म्हणजे तुझी आई आणि तो. माझं बघू नंतर.

तीन मिनिटं झाली नाहीत, पण पुढे लिहवत नाही.

मावशी

२२ एप्रिल

ती. मावशीस,

नमस्कार. पाठ बरी आहे.

मी आतून हात घालू शकते, पण घालणार नाही. आज माझ्या मामासाठी घातला तर उद्या साहेब म्हणतील, माझ्या मेव्हण्याला काढा. मग ते नातेजाल राहणार नाही, साहेबांची आमंत्रणांची यादी होईल. वाद झालेल्या नात्याला यंत्राने कुलूप लावलंय, आणि त्याचा नियम तुझ्या बोर्डासारखा आहे. दोन्हीकडून उचलल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. ज्याचं नातं हललं त्याला आणि ज्याने हलवलं त्याला, दोघांना एकच प्रश्न येईल. तुला येईल: "हा तुमचा भाऊ आहे का?" त्याला येईल: "ही तुमची बहीण आहे का?" दोघांनी "हो" दाबलं की आईला भाऊ परत, मला मामा परत, मामी काकूपदावरून मोकळी.

मुदत एकतीस मेपर्यंत. त्यानंतर यंत्र शेवटची नोंद खरी धरतं, आणि मग मामा कायमचा मामीचा काका.

मामाकडे जाऊन आले. हाल आहेत गं त्याचे. मामीचे वडील अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, त्यांना भाऊ नव्हता, त्यामुळे ते अतिशय खूश आहेत. मामाला "बंधू" म्हणून हाक मारतात आणि खेळायला पत्ते घेऊन बसतात. मामी चहा देताना "घ्या काका" म्हणते. मी म्हटलं, मामा, "हो" दाब आणि सुटका करून घे. तर म्हणाला, "दाबतो. पण आधी तिने सांगावं, मी केलं काय होतं ते. एकतीस वर्षं शिक्षा भोगतोय, गुन्हा तरी कळू दे." आणि हसायला लागला, पण डोळे हसत नव्हते.

आता सगळं तुझ्यावर आहे.

तुझी,
ठकू

३० एप्रिल

ठकू,

हे पत्र वाचून फाडून टाक. तुकडे एका टोपलीत टाकू नकोस, दोन टोपल्यांत टाक.

बोर्डावर बसायच्या पहिल्या दिवशी आमच्याकडून वदवून घेतलं होतं: कानावर आलेलं ओठांवर येणार नाही. फोन जोडून द्यायचा, खटका पाडायचा आणि आपण त्यातून बाहेर व्हायचं. मी ते चौतीस वर्षं पाळलं. तीनदा मोडलं. दोनदा निवडणुकीचे निकाल होते, ते सोडून दे. तिसऱ्यांदा तुझा मामा होता.

त्याचा परगावचा ट्रंक कॉल माझ्याच बोर्डावर आला. त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांना करायचा होता. तेव्हा लग्न ठरायचं होतं. मी जोडून दिला. खटका पाडायला हवा होता. हात गेला, पण पाडला नाही. सासरे विचारत होते, घरी कोण कोण असतं. हा म्हणाला, "आई आहे आणि थोरली बहीण आहे. बहीण कसली, घरातली चौकशीची खिडकी आहे ती. कुठे होतास, कोणाबरोबर होतास, उशीर का झाला. तुमच्या मुलीला म्हणावं, येताना उत्तरं पाठ करून ये." आणि हसला. तेही हसले. मी खटका पाडला आणि पुढचा फोन जोडला. त्या दिवशी सात फोन चुकीचे जोडले. वरिष्ठांनी विचारलं, बरं नाही का?

बाबा गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आई कामावरून उशिरा यायची. तो शाळेतून वेळेवर आला नाही की मी दारात उभी राहायचे, पाय दुखेपर्यंत. विचारायचे, कारण जीव टांगणीला लागलेला असायचा. त्याची म्हणे खिडकी झाली!

आता त्याला जाब कसा विचारू? "तू असं म्हणालास" असं म्हटलं, की "तुला कसं कळलं" हे आलंच. मग मी बोर्डावर बसून भावाचे फोन चोरून ऐकत होते हे सगळ्या जगाला कळणार. म्हणून बोललेच नाही. आधी वाटलं, आठवडाभर न बोलता त्याला कळेल. मग महिना झाला. मग लाज वाटायला लागली की इतक्या दिवसांनी आता काय बोलायचं. तुझ्या जाळ्यासारखंच झालं बघ. तो बोलत नाही म्हणून मी नाही, आणि मी नाही म्हणून तो नाही.

हे त्याला सांगायचं नाही. शपथ.

मावशी

७ मे

ती. मावशीस,

फाडलं. एक टोपली ऑफिसची, एक बसथांब्यावरची.

मी कोणाला काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. मामा परवा आला होता, खोदून खोदून विचारत होता. मी गप्प. शेवटी म्हणाला, "अगदी मावशीवर गेली आहेस," आणि चिडून चहा न पिता गेला. मग परत येऊन प्यायला.

एक गंमत सांगते. मला वाटलं होतं, तमाशा बघायला आलेली माणसं तमाशा बघून जातील. गेलीच नाहीत! आता दीड हजार आहेत. एका बाईंना विचारलं, तुम्ही अजून का आहात इथे? म्हणाल्या, "अहो, बाकीचे सगळे इथेच आहेत ना." मी दोन वर्षं हेच उत्तर शोधत होते. साहेब विचारतायत, तुमच्या मावशी सल्लागार म्हणून येतील का. मी म्हटलं, त्या तीन मिनिटांच्या वर बोलत नाहीत.

चोवीस दिवस राहिले, मावशी.

ठकू

१८ मे

ती. ताईस,

गुंड्याचा दंडवत.

एकतीस वर्षांनी पत्र लिहितोय, तेव्हा अक्षर आणखी बिघडलंय हे आधीच मान्य करतो. ठकू तोंड उघडत नाही. म्हणून मीच बसून माझ्या गुन्ह्यांची यादी केली आहे. जो असेल त्यावर खूण कर आणि कागद परत पाठव.

पहिला, तुझी निळी छत्री. चोरीला गेली असं सांगितलं होतं, ती मी बसमध्ये विसरलो. दुसरा, तू घरी आणलेला जुना हेडफोन. तो आपोआप बिघडला नव्हता, त्यातलं लोहचुंबक मला हवं होतं. तिसरा, लग्न ठरल्याचं तुला आधी सांगायला हवं होतं, ते मी आईला सांगितलं. माझा संशय इतकी वर्षं याच्यावरच आहे. चौथा, तुझ्या निवृत्तीच्या समारंभाला आलो नाही. हा गुन्हा अर्धाच धर, कारण मी आलो होतो. फाटकापाशी वीस मिनिटं उभा राहिलो आणि परत गेलो. हातात पेढे-बिढे काही नव्हते, नुसता उभा होतो. पाचवा, तुझ्या आजारपणात फोन केला आणि तू "हॅलो" म्हणताच ठेवला. असं सहा वेळा. सहा ते आठ हे तुझ्या वहिनीने लिहायला लावलेत. ते तिचेच आहेत, पण ती म्हणते माझ्या नावावर घाल.

नववा मी खरं तर गुन्ह्यात धरत नाही, पण यादी पुरी असावी म्हणून लिहितो. लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांना ट्रंक कॉल केला होता. तू लाईनवर असलीस की मला नेहमी कळायचं, हे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या बोर्डाच्या वर ते मोठं घड्याळ होतं ना? तुझा खटका उघडा असला की लाईनवर त्याची टिकटिक यायची. त्या दिवशी आली. मला वाटलं, वा, ताई आहे! म्हणून मुद्दाम तुला डिवचायला काहीतरी बोललो, चौकशीची खिडकी वगैरे. म्हटलं आता ही मध्येच ओरडणार, "मूर्खा!" आणि सासऱ्यांना तिथल्या तिथे कळणार आमचं घर कसं आहे ते. मी वाट बघत थांबलो. तू काही बोलली नाहीस, आणि टिकटिकही थांबली. मग वाटलं, मलाच भास झाला असेल, तू त्या दिवशी ड्यूटीवर नसणार. पुढे मी सासऱ्यांना सांगितलं, की ती विचारते म्हणून मी रोज घरी वेळेवर जातो, बाबा गेल्यावर मला विचारणारं तेवढंच होतं. ते त्यांना अजून आठवतं. तेव्हा नववा सोडून दे.

बाकी अट-बिट काही नाही. ठकूपुढे जरा ऐट केली. "हो" मी आज सकाळीच दाबलंय. घाई करू नकोस, पण पत्त्यात सासरे फार लबाडी करतात आणि भावाला बोलता येत नाही.

तुझा,
गुंड्या

२३ मे

गुंड्यास,

नववा.

मूर्खा, लाईन चालू असताना ऑपरेटरने मध्ये बोलायचं नसतं! एकतीस वर्षांत एवढंसुद्धा कळलं नाही तुला? आणि ऐकायचंही नसतं. तो माझा गुन्हा, तुझ्या यादीत दहावा म्हणून घाल. मी ऐकलं, आणि तेही निम्मंच. आणखी अर्धं मिनिट खटका उघडा राहिला असता तर काय बिघडलं असतं? पण मी पाडला. स्वतःच्या हाताने पाडला आणि तुझ्यावर रागावून बसले.

छत्रीचं माहीत होतं, कंडक्टर दुसऱ्या दिवशी घरी देऊन गेला. हेडफोनचंही माहीत होतं. फाटकाचं तर तेव्हाच कळलं. पहारेकरी आत येऊन म्हणाला, "बाई, तुमच्यासारख्या नाकाचा एक माणूस बाहेर उभा आहे." मी हार घालून खुर्चीत बसले होते. उठायला हवं होतं.

आज वाचनालयात जाऊन "हो" दाबलं. यंत्राने लगेच छापलं: "अभिनंदन! आपल्याला एक भाऊ सापडला आहे." कार्डवाल्यांनी मोठ्याने वाचलं, मग चष्मा पुसायला घेतला. मी खिडकीबाहेर बघत होते. तुझ्या सासऱ्यांचा भाऊ गेला, त्यांना सांग वाईट वाटून घेऊ नका, पत्ते खेळायला मी येते. माझ्याशी लबाडी करून दाखवा म्हणावं.

एक्सचेंज बंद झालं तेव्हा ते घड्याळ मी मागून आणलं. इथे फोनच्या बरोबर वर लावलंय. रविवारी फोन कर. टिकटिक ऐकू आली की समज, मी ऐकतेय. या वेळी मध्ये बोलेन.

ताई